एकाच माणसाचे दोन निकाल: कुर्ट गेरस्टाइन प्रकरण

मराठीत माणसाविषयी लिहायला बसलं की पहिल्याच वाक्यात अडायला होतं. 'तो' म्हणायचं की 'ते'? कुर्ट गेरस्टाइन हा हिटलरच्या नाझी पक्षाच्या सशस्त्र दलातला, एस.एस.मधला, जर्मन अधिकारी. त्याच्याविषयी टिपणं काढताना माझ्या वहीत दोन्ही उतरलं. १९३५च्या नोंदीत 'ते उभे राहिले' आणि १९४४च्या नोंदीत 'त्याने माल मागवला'. ठरवून केलं नव्हतं. पुरावा पुरता वाचायच्या आधीच हाताने निकाल देऊन टाकला होता, तोही दोन ठिकाणी दोन. पुढे सगळीकडे 'तो'च ठेवला आहे. त्यात मान नाही आणि अवमानही नाही. निकाल तेवढा लांबणीवर टाकला आहे.

माणूस चांगला की वाईट हे ठरवणं कठीण, असं आपण सगळेच म्हणतो. पण बहुतेक वेळा त्याचा अर्थ 'प्रत्येकात थोडं हे, थोडं ते' एवढाच असतो. गेरस्टाइनच्या बाबतीत प्रश्न भेसळीचा नाही. त्याची एकच कृती, मागचा हेतू एक धरला तर असामान्य धैर्य ठरते आणि दुसरा धरला तर ज्यूंच्या हत्याकांडातला सहभाग. आणि या माणसाचा निकाल खरोखरच लागला, सरकारी कागदावर, दोनदा. दोन्ही वेळा पुरावा जवळजवळ तोच होता.

एस.एस.च्या आधी

गेरस्टाइनचा जन्म १९०५ सालचा, जर्मनीतल्या म्युन्स्टरचा. वडील न्यायाधीश. घरात शिस्त कडक, वरिष्ठांची आज्ञा म्हणजे शेवटचा शब्द. तो खाणकामाचा अभियंता झाला, पण जीव रमला तो ख्रिस्ती तरुणांच्या मंडळांत. मे १९३३मध्ये तो नाझी पक्षाचा सदस्य झाला. हे विसरून चालणार नाही. पक्ष सत्तेवर आला होता, लाखो लोक रांगेत उभे होते, हाही त्यांतलाच एक.

मग लवकरच खटके उडू लागले. १९३५च्या सुरुवातीला हागेन शहरातल्या नाट्यगृहात ख्रिस्ती धर्माला हिणवणारं एक नाटक चाललं होतं. सभागृह पक्षाच्या माणसांनी भरलेलं. गेरस्टाइन चालू प्रयोगात उभा राहिला आणि मोठ्याने निषेध केला. तिथेच त्याला मार पडला. पुढच्या वर्षी सरकारविरोधी पत्रकं पाठवल्याबद्दल अटक झाली, पक्षातून हकालपट्टी झाली, सरकारी नोकरी गेली. १९३८मध्ये पुन्हा अटक आणि वेल्झहाइमच्या छळछावणीत काही आठवडे. या सगळ्याला पोलिसांच्या नोंदी आहेत, साक्षीदार आहेत. त्याच काळात वडिलांच्या दबावाखाली त्याने पक्षात परत घ्या म्हणून अर्जही केले. तेही कागदावर आहे.

फेब्रुवारी १९४१मध्ये हाडामार इथे त्याच्या नात्यातल्या एका स्त्रीचा, त्याच्या भावजयीच्या घरातल्या मनोरुग्ण बाईचा, मृत्यू झाला. त्या काळी मनोरुग्णांना 'उपचारा'च्या नावाखाली मारलं जात होतं आणि हाडामार हे त्यासाठीच्या केंद्रांपैकी एक होतं. मार्च १९४१मध्ये गेरस्टाइन एस.एस.मध्ये दाखल झाला. आत शिरून काय चाललंय ते डोळ्यांनी बघायचं आणि बाहेर सांगायचं, असं त्याने पुढे लिहिलं. काही मित्रांनाही त्याने तसं सांगितलं होतं.

दोनदा अटक झालेल्या माणसाला एस.एस.ने घेतलं कसं, हा प्रश्न वाचताना मलाही पडला. पण त्याच्याकडे अभियांत्रिकीचं शिक्षण होतं, थोडा वैद्यकीय अभ्यास होता, आणि सैन्याला टायफस पसरवणाऱ्या उवा मारणारी माणसं हवी होती. बर्लिनच्या आरोग्यविषयक संस्थेत त्याला निर्जंतुकीकरणाचं काम मिळालं. पाणी गाळायची यंत्रं, कपडे निर्जंतुक करायच्या गाड्या. कामात तो हुशार निघाला आणि भराभर वर चढला.

बेल्झेक

जून १९४२मध्ये त्याच्याकडे एक अधिकारी आला. गुप्त कामासाठी हायड्रोसायनिक आम्ल हे जालीम विष १०० किलो घेऊन निघायचं, कुठे ते फक्त चालकाला माहीत. ऑगस्टमध्ये गेरस्टाइन जर्मनांनी व्यापलेल्या पोलंडमधल्या लुब्लिनला पोहोचला. तिथे कळलं की छावण्यांत माणसं इंजिनाच्या धुराने मारली जातात आणि त्याऐवजी हे आम्ल वापरता येईल का, ते बघायचं आहे. त्याच्याबरोबर विल्हेल्म फानेनश्टील नावाचे आरोग्यशास्त्राचे प्राध्यापक होते.

बेल्झेक ही अशाच छावण्यांपैकी एक. तिथे सकाळी ज्यूंना घेऊन रेल्वेगाडी आली. त्याच्या अहवालाप्रमाणे ४५ डबे, ६,७०० माणसं, त्यांतली १,४५० पोहोचतानाच मेलेली. उरलेल्यांचे कपडे उतरवून त्यांना विषारी धूर सोडायच्या खोल्यांत कोंबण्यात आलं. दारं लागली. आणि इंजिन सुरूच होईना. गेरस्टाइनने हातातल्या घड्याळावर वेळ मोजली: २ तास ४९ मिनिटं. आत माणसं उभी, एकमेकांच्या अंगावर रेललेली, रडणं बाहेर ऐकू येणारं. मग इंजिन लागलं आणि ३२ मिनिटांत सगळं शांत झालं.

या घड्याळाशी मी फार वेळ थांबलो. कोणी म्हणेल, माणसं मरताना मिनिटं मोजणारा हा कसला माणूस? आणि कोणी म्हणेल, पुढे साक्ष द्यायची म्हणून एकेक मिनिट लक्षात ठेवणारा हा साक्षीदार. हात तोच, घड्याळ तेच. पलीकडे उभ्या असलेल्या छावणीप्रमुखाला, क्रिस्टियान विर्टला, त्यात काहीच खटकलं नाही. पाहणीला आलेला अधिकारी वेळ मोजणारच.

गेरस्टाइनने पुढे लिहिलं की त्या लोकांबरोबर आत जावं असं त्याला वाटलं होतं. पण मग गणवेशातल्या एस.एस. अधिकाऱ्याचं प्रेत सापडलं असतं, अपघात म्हणून नोंद झाली असती आणि प्रकरण मिटलं असतं. म्हणून आपण जगायचं आणि सांगायचं, असं त्याने ठरवलं. आम्लाविषयी तो म्हणतो की ते खराब झाल्याचं सांगून त्याने पुरायला लावलं. विर्टलाही आपली इंजिनाची पद्धत बदलायची नव्हती. त्यामुळे आम्ल वापरलं गेलं नाही ते गेरस्टाइनच्या युक्तीमुळे की विर्टच्या हट्टामुळे, हे वेगळं काढता येत नाही.

त्याच्या अहवालात चुका आहेत, हेही सांगायला हवं. बळींची एकूण संख्या त्याने प्रत्यक्षापेक्षा कितीतरी जास्त लिहिली. खोलीचं क्षेत्रफळ आणि आतली माणसं यांचा हिशेब जुळत नाही. हत्याकांड झालंच नाही म्हणणारे लोक याच चुकांवर बोट ठेवतात. पण मूळ घटनेला त्याच्या शब्दाबाहेरचा आधार आहे. फानेनश्टीलनेही युद्धानंतर बेल्झेकमध्ये हे प्रत्यक्ष पाहिल्याचं कबूल केलं. आणि एस.एस.च्याच एका गुप्त तारेत १९४२ अखेर बेल्झेकला आणलेल्यांचा आकडा आहे: ४,३४,५०८.

रेल्वेतली रात्र

परतीच्या वाटेवर वॉर्सा-बर्लिन रात्रगाडीत झोपायला जागा नव्हती. डब्याच्या कडेच्या बोळात गेरस्टाइनची गाठ पडली ग्योरान फॉन ओटर या स्वीडिश मुत्सद्द्याशी. अनोळखी, परदेशी, तटस्थ देशाचा माणूस. गेरस्टाइनने त्याच्याकडे सिगारेटसाठी काडी मागितली की दुसरं काही, ते महत्त्वाचं नाही. महत्त्वाचं हे की त्याने सगळं सांगितलं. रडत, तोंड हातांनी झाकून घेत, तासन्‌तास. आम्लाचे कागद दाखवले. माझी खात्री करून घ्यायची असेल तर बर्लिनमध्ये ओटो डिबेलियस या धर्माधिकाऱ्यांना विचारा, म्हणाला. तुमच्या सरकारला सांगा, दोस्तराष्ट्रांना कळू द्या, जर्मन जनतेला कळलं तर हे एक दिवस चालणार नाही.

फॉन ओटरने डिबेलियसकडे चौकशी केली आणि आपल्या वरिष्ठांना सांगितलं. स्वीडनने ती माहिती पुढे कुणाला दिली नाही. काही महिन्यांनी गेरस्टाइन त्याला बर्लिनमध्ये पुन्हा भेटला, काय झालं ते विचारायला. फॉन ओटरकडे सांगण्यासारखं काही नव्हतं.

गेरस्टाइन पोपच्या बर्लिनमधल्या प्रतिनिधीकडेही गेला. तिथून त्याला परत लावलं. डच मित्राला सांगितलं, पाद्र्यांना सांगितलं. पोटात ठेवावं अशी गोष्ट तो जो भेटेल त्याच्याजवळ ओकत होता. प्रत्येक वेळी ऐकणाऱ्याने चुगली केली असती तर त्याची आणि घरच्यांची धडगत नव्हती.

या सगळ्या प्रकरणात मला सर्वांत वजनदार वाटतो तो ऑगस्ट १९४२ हा महिना. तेव्हा जर्मन फौजा पूर्वेकडे कॉकेशसपर्यंत पुढे सरकत होत्या. हरण्याची चिन्हं नव्हती. १९४५मध्ये 'मी मनातून विरोधातच होतो' म्हणणारे पैशाला पासरी मिळाले, कारण तेव्हा तसं म्हणणं फायद्याचं होतं. १९४२च्या उन्हाळ्यात त्या वाक्याचा भाव फाशी हाच होता. नंतर सोयीसाठी रचलेली ही कथा नाही.

पावत्या

आणि तरीही पावत्या आहेत.

बेल्झेकनंतर गेरस्टाइन नोकरीत राहिला. १९४४च्या फेब्रुवारी ते मे या काळात झायक्लोन बी पुरवल्याच्या १२ पावत्या त्याच्या नावावर आहेत. माल जायचा ऑशविट्झ आणि ओरानिएनबुर्ग इथल्या छावण्यांना. मिळून दोन टनांहून अधिक. झायक्लोन बी म्हणजे त्याच हायड्रोसायनिक आम्लाचं, मुळात उवा-किडे मारायचं औषध. कपड्यांच्या खोल्या त्याने निर्जंतुक करत. डब्यावरून तो कशासाठी चालला आहे ते कळायचं नाही. पण ऑशविट्झमध्ये त्याने माणसं मारली जातात हे जगात ज्या थोड्या लोकांना माहीत होतं, त्यांत गेरस्टाइन होता.

त्याचं म्हणणं असं की त्याच्या हातून गेलेला माल एकतर नष्ट केला किंवा फक्त निर्जंतुकीकरणाला वापरला जाईल अशी तजवीज केली. १९४४च्या शरद ऋतूत वडिलांना लिहिलेल्या पत्रात तो सांगतो की असे हुकूम त्याने कधी पाळले नाहीत, पाळू दिले नाहीत आणि त्याचे हात स्वच्छ आहेत. त्याला दुसऱ्या कुणाचा दुजोरा नाही. असणार तरी कसा? विष नष्ट करताना साक्षीदार ठेवला असता तर तोच पहिल्यांदा फासावर गेला असता. सोंग जितकं चोख वठलं असेल तितका त्याचा पुरावा कमी. बाहेरून पाहणाऱ्याला निष्ठावान एस.एस. अधिकारी आणि निष्ठावान अधिकाऱ्याचं सोंग घेतलेला शत्रू यांत फरक दिसता कामा नये, हीच तर त्या सोंगाची अट होती.

या पावत्या आपल्याकडे आल्या कुठून? त्याने स्वतःच आणून दिल्या. एप्रिल १९४५मध्ये तो फ्रेंच सैन्याच्या स्वाधीन झाला, रॉटवाइलमध्ये त्याला ठेवलं, तिथे त्याने अहवाल लिहिला आणि स्वतःच्या नावाच्या पावत्या त्याला जोडल्या. १९४६मध्ये नाझी नेत्यांवरच्या न्यूरेंबर्गच्या खटल्यात तोच अहवाल पुरावा म्हणून मांडला गेला. ज्या कागदांनी तो अडकतो ते त्याच्याच खिशातले आहेत. गुन्हेगार असं करत नाही, असं मी पटकन लिहिणार होतो. पण सरावलेला माणूस पुरावा आपणहून देऊन विश्वास मिळवतो, हेही खरं आहे. म्हणून ते वाक्य खोडलं.

शेजारी ठेवायचा दुसरा माणूस

तुलनेला ब्रुनो टेश घेऊ. हॅम्बुर्गमधल्या किडनाशक पुरवणाऱ्या कंपनीचा मालक, त्याच झायक्लोन बीचा पुरवठादार. मार्च १९४६मध्ये ब्रिटिश लष्करी न्यायालयाने त्याला आणि त्याच्या व्यवस्थापकाला, कार्ल वाइनबाखरला, दोषी ठरवलं. मे १९४६मध्ये दोघांना फाशी झाली. टेशचा बचाव होता, मला माहीत नव्हतं. खटला सारा त्यावर फिरला: माल कशाला वापरला जातो हे त्याला ठाऊक होतं का? न्यायालयाने ठरवलं, होतं.

म्हणजे टेशच्या बाबतीत 'ठाऊक होतं' हे अपराधाचं माप झालं. गेरस्टाइनला तर टेशपेक्षा जास्त ठाऊक होतं. डोळ्यांनी पाहिलं होतं, मिनिटं मोजली होती. पण तेच ठाऊक असणं, त्याने जिवावर उदार होऊन दुसऱ्यांना सांगितल्यामुळे, त्याच्या बाजूचा सर्वांत मोठा पुरावा बनतं. एकच मोजपट्टी दोघांना लावायला गेलं तर ती एकाच्या हातात सरळ आणि दुसऱ्याच्या हातात उलटी दिसते. चांगल्या-वाईटाची ठरीव कसोटी शोधणाऱ्यांनी हे दोन खटले शेजारी ठेवून बघावेत.

दोन निकाल

२५ जुलै १९४५ला गेरस्टाइन पॅरिसमधल्या शेर्श-मिदी लष्करी तुरुंगाच्या कोठडीत गळफास लागलेल्या अवस्थेत सापडला. आत्महत्या अशी नोंद झाली. इतर एस.एस. कैद्यांनी मारलं असावं अशीही शंका घेतली गेली. त्याच्यावर युद्धगुन्ह्यांचा आरोप होता. त्याचं म्हणणं कुठल्याही न्यायालयात समोरासमोर ऐकलं गेलं नाही.

१७ ऑगस्ट १९५०ला ट्युबिंगेनच्या नाझीमुक्ती न्यायाधिकरणाने, म्हणजे नाझी राजवटीत कोणाचा किती वाटा होता ते ठरवणाऱ्या मंडळाने, मेलेल्या गेरस्टाइनचा निकाल दिला. त्याने विरोध केला, जीव धोक्यात घातला, लोकांना सांगितलं, हे सगळं न्यायाधिकरणाने मान्य केलं. मुख्य अपराध्यांत त्याला धरलं नाही. तरी 'कलंकित' ठरवलं. बेल्झेक पाहिल्यावर हत्याकांडाच्या यंत्रणेचा हस्तक होण्याला त्याने सगळी ताकद लावून नकार द्यायला हवा होता, अंग काढून घ्यायचे सगळे मार्ग त्याने चोखाळले नाहीत, असा त्यांचा रोख होता. पत्नीला विधवा म्हणून निवृत्तिवेतन नाकारलं गेलं.

१९५०चा हा निकाल वाचताना आधी संताप आला. ज्यांनी डोळे मिटून घेतले, घरी बसले, कुणाला काही विचारलं नाही, ते स्वच्छ सुटले. हा आत शिरला, पाहिलं, ओरडून सांगितलं, आणि हाच कलंकित. पण दुसऱ्यांदा वाचल्यावर त्या न्यायाधीशांच्या एका मुद्द्यापाशी मी अडकलो. सांगायचं काम १९४२च्या ऑगस्टमध्ये सुरू झालं आणि १९४३पर्यंत बहुतेक उरकलं होतं. ज्यांना सांगायचं त्यांना सांगून झालं, कुणी काही केलं नाही. मग १९४४मध्ये तो त्या खुर्चीत काय करत होता? थोडं विष वळवता येईल म्हणून? की उठून गेलो तर संशय येईल म्हणून? की एव्हाना बाहेर पडायची वाटच उरली नव्हती म्हणून? 'मी आत राहिलो म्हणून निदान एवढं तरी टळलं' हे वाक्य कुठल्याही वाईट व्यवस्थेत टिकून राहिलेल्या प्रत्येकाच्या ओठावर असतं. ते कधी कधी खरंही असतं. पण तपासायचं तर 'एवढं' म्हणजे किती, ते दाखवावं लागतं, आणि गेरस्टाइनला ते दाखवता आलं नाही.

दुसरा निकाल जानेवारी १९६५चा. बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याचे प्रमुख कुर्ट गेओर्ग कीसिंगर यांनी आधीचा ठपका काढून टाकला. पावत्या त्याच, अहवाल तोच, फॉन ओटरची साक्ष तीच. बदललं होतं ते वजन. १९५०मध्ये पारड्यात काय घडलं ते टाकलं होतं, १९६५मध्ये काय करायचा प्रयत्न होता ते. आणि कलंक पुसणारे कीसिंगर स्वतः १९३३पासून नाझी पक्षाचे सदस्य होते, पुढे ते पश्चिम जर्मनीचे चान्सलरही झाले. त्यांच्या सहीने निकालाला कमीपणा येतो असं मी म्हणत नाही. पण तोलणारा तराजूबाहेर उभा नव्हता, हे विसरता येत नाही.

बेल्झेकला त्या सकाळी आलेल्यांना मात्र या दोन्ही निकालांत कुणी विचारलेलं नाही. त्यांच्या दृष्टीने खिडकीशी उभा असलेला गेरस्टाइन आणि विर्ट यांत काय फरक होता? दोघांचा गणवेश एक. प्रश्न मनात ठेवला की 'संत' हा शब्द लिहायला हात धजत नाही.

माझं मत

संपूर्ण माणसावर एक शब्द चिकटवायचा म्हटलं की माझी लेखणी अडते. तारखांवर मत द्यायला अडत नाही. १९३५ ते १९३८: स्वतःचं नुकसान सोसून उघड विरोध, पुराव्यानिशी. ऑगस्ट १९४२ची ती रात्र: माझ्या दृष्टीने निर्विवाद सत्कृत्य, आणि त्याला परक्या माणसाची साक्ष आहे. फेब्रुवारी ते मे १९४४: सिद्ध नाही, ना इकडे ना तिकडे. मी त्याला संशयाचा फायदा देतो, पण ते देताना मला बरं वाटत नाही. त्या डब्यांतला एकही डबा उवांऐवजी माणसांवर रिकामा झाला असेल तर हा फायदा मी कुणाच्या जिवावर देतो आहे?

आपण रोजच्या आयुष्यात माणसं पारखतो तेव्हा इतका कागद हाताशी नसतो. एखादी घटना, दोन ऐकीव गोष्टी आणि चेहऱ्यावरचे भाव, एवढ्यावर पक्का निर्णय होतो. गेरस्टाइनबद्दल शेकडो पानं आहेत, साक्षी आहेत, त्याच्या हातची पत्रं आहेत. तरी १९४४चे ते चार महिने उघडत नाहीत.

फॉन ओटर त्याला विसरला नव्हता. १९४५च्या त्याच जुलै महिन्यात त्याने लंडनमधल्या आपल्या सहकाऱ्याला गेरस्टाइनविषयी लिहिलं, त्याला मदत व्हावी म्हणून. रेल्वेतल्या त्या रात्रीबद्दलचं स्वीडनचं निवेदन ब्रिटिशांच्या हाती पडलं ७ ऑगस्टला. तोवर गेरस्टाइनला जाऊन १३ दिवस झाले होते. पॅरिसजवळच्या थियै इथल्या दफनभूमीत त्याला पुरलं, आणि तिथल्या नोंदीत आडनाव चुकून 'गास्टाइन' असं लिहिलं गेलं.